168 नंबरच्या रस्त्यावर

सकाळी 8:30
फ्रेझ्नो, कॅलिफोर्निया. नोव्हेंबर 2025. बाहेर दाट धुकं. दुकानाच्या मागच्या खोलीत ड्रायव्हरबाई आजचा माल मोजून घेतेय. थेंबांच्या बाटल्या, गमीजच्या आणि मलमाच्या डब्या. सगळा औषधी गांजा. पाकीट उचललं की नोंद, पेटीत ठेवलं की परत नोंद. गाडीत एका वेळी दहा हजार डॉलरपेक्षा जास्त माल नेता येत नाही. आज त्याच्या निम्माही नाही. पूर्वी ती बेदाण्याच्या कारखान्यात पॅकिंग करायची. इथे ताशी 18 डॉलर मिळतात. राज्याचं किमान वेतन 16.50.

9:15
पांढरी साधी गाडी. बाहेर नाव नाही, चित्र नाही. तसा नियमच आहे. मागे बोल्टनं जखडलेली लोखंडी पेटी. गाडीत कर्मचाऱ्याशिवाय कुणी बसायचं नाही, म्हणून मी माझ्या गाडीतून तिच्या मागोमाग.

9:50
क्लोविस. फ्रेझ्नोला अगदी खेटून, पण इथे दुकानांना बंदी. औषध म्हणून गांजा राज्यात 1996 पासून कायदेशीर आहे. दुकान असावं की नसावं, हे मात्र ज्याचं त्याचं शहर ठरवतं. 2024 पासून एक झालं: रुग्णाच्या घरी पोचवायला शहर किंवा काउंटी बंदी घालू शकत नाही.

दार उघडतो तो केमो चालू असलेला माणूस. ओळखपत्र, डॉक्टरची शिफारस, सही, रोख. दोन मिनिटं. काल रात्री फोन केला, आज औषध हातात. मळमळ वाढली तरच घेतो, म्हणाला. साठवून ठेवायची त्याला गरजच नाही.

11:20
168 नंबरचा रस्ता डोंगराकडे चढतो. धुकं खाली राहिलं, ऊन लागलं. ओकची झाडं, लांब लांब घरं. फाटकाशी कुत्रा भुंकतो. ट्रेलरच्या घरात सत्तरीच्या आजी. तरुणपणापासून मल्टिपल स्क्लेरोसिस. रात्री पाय ताठ होऊन ओढतात.

"ये मिहा, ये पोरी, आधी पाणी घे."

ड्रायव्हरबाई पाणी पिते आणि न सांगताच गमीजच्या नव्या डबीचं झाकण उघडून देते. मुलांना उघडता येऊ नये म्हणून ते दाबून फिरवावं लागतं. आजींच्या बोटांत तेवढा जोर नाही. जुनी डबी टेबलावरच आहे. शेजारी स्वयंपाकाची कात्री, तिच्या पात्यांना चिकट लाल थर. दहा मिलिग्रॅमची एक गमी आजी चार तुकड्यांत कापतात.

"गाडी दर आठवड्याला यायची तेव्हा अर्धी घ्यायचे. आता पंधरा दिवसांनी येते. मग पाव."

"पावानं भागतं?"

"पहाटे तीनपर्यंत."

डोस डॉक्टरनं कमी केलेला नाही. गाडीनं केला.

डबीला 18 डॉलर, वर 15 टक्के अबकारी कर. राज्याचं रुग्ण-कार्ड असल्यानं विक्रीकर माफ. केंद्राच्या कायद्यात गांजा अजून निषिद्धच, म्हणून मेडिकेअर यातला एक सेंटही देत नाही. आजी पाच-पाचच्या नोटा दोनदा मोजतात. एक डॉलर टिप. ड्रायव्हरबाई घेते, नाही म्हटलेलं त्यांना आवडत नाही.

दुपारी 1:00
गाडीतच जेवण. घरचे टॉर्टिया, राजमा. पेट्रोल गॅलनला साडेचार डॉलरच्या वर. चढावर गाडी पेट्रोल जास्त पिते, आणि एका पाकिटातून ते सुटत नाही.

2:10
फोन. सरकारी जंगलातल्या कॅम्पमध्ये राहणारा माणूस. सार्वजनिक जमिनीवर माल देता येत नाही. मित्राचा पत्ता दे, ती सांगते. मित्र नाही. ऑर्डर रद्द. त्याच्या कंबरेत दोन स्क्रू आहेत, हे ती मला नंतर सांगते. मला हे खटकतं, आणि खटकायलाच हवं.

4:00
परत शहरात. तासाभरात पाच घरं.

6:30
हिशेब. रोकड, उरलेली पाकिटं, वही जुळते. दिवसाची टिप 31 डॉलर. मॅनेजर नवी चिठ्ठी लावतो: डिसेंबरपासून डोंगराकडे किमान 100 डॉलरची ऑर्डर.

ड्रायव्हरबाई चिठ्ठी वाचते. ड्युटी संपल्याचं पंच करते, मग दुकानाच्या फोनवरून आजींना फोन लावते. त्यांच्यापासून तीन मैलांवरच्या एका म्हाताऱ्याचंही औषध असतं. ती आधी आजींना विचारते, मग त्याला: दोघांची ऑर्डर एकाच पत्त्यावर चालेल का? चालेल, पण दोघांचं मिळून 64च होतात. अजून कोण आहे त्या रस्त्यावर, म्हणून ती वहीची मागची पानं उलटायला लागते.