विश्लेषण : पानाआडचा हिरवा पक्षी ओळखायचा कसा?

सप्टेंबर-ऑक्टोबरपासून महाराष्ट्रातल्या झाडीत चिमणीहूनही लहान, हिरवट पक्षी दिसू लागतात. पानांआड ते क्षणभरही स्थिर राहत नाहीत. त्यांच्यातला नेहमी आढळणारा म्हणजे हिरवट वटवट्या, अर्थात ‘ग्रीनिश वॉर्बलर’.

हा पाहुणा कुठला?

ईशान्य युरोपपासून सैबेरिया, मध्य आशिया, हिमालयापर्यंतच्या जंगलांत त्याची वीण होते. हिवाळा तो भारतीय द्वीपकल्पात काढतो. लांबी जेमतेम १०-११ सेंटीमीटर. रानातच नव्हे, शहरातल्या मोठ्या झाडांवरही तो असतो.

खुणा कोणत्या?

पाठ हिरवट-राखाडी, पोट मळकट पांढरे, डोळ्यावर लांब फिकट भुवई आणि पंखावर एकच बारीक फिकट पट्टी. मात्र हिवाळा सरता सरता पिसे झिजतात आणि पट्टी पुसट होते. त्यामुळे केवळ पट्टी दिसली नाही म्हणून हा पक्षी बाद करता येत नाही.

गल्लत कोणाशी होते?

डोक्याच्या मधोमध फिकट रेघ आणि पंखावर दोन पट्ट्या दिसल्या, तर तो ‘वेस्टर्न क्राउन्ड वॉर्बलर’ असू शकतो. दोन पट्ट्या आहेत, पण डोक्यावर ठळक रेघ नाही, तर ‘ह्यूम्स वॉर्बलर’चा विचार करावा. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम यांचेच हे नाव. पोट पिवळे आणि वावर खडकांवर, खोडांवर असेल, तर ‘सल्फर-बेलीड वॉर्बलर’.

आवाज निर्णायक का?

पक्षी दिसण्याआधी त्याचा ‘चि-विट’ असा दोन तुकड्यांचा आवाज कानी येतो. इंग्लंडमधील पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी १७६८ मध्ये तिथल्या सारख्याच दिसणाऱ्या तीन वटवट्यांतील फरक आवाजावरूनच ओळखला होता. मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले, तर नंतर जाणकारांकडून खात्री करून घेता येते.

ओळख चुकली तर?

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्या २०२३च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. त्याचा आधार हौशी निरीक्षकांनी ‘ई-बर्ड’वर केलेल्या नोंदी. कोणती जात घटते आहे, हे त्यांवरूनच कळते. अंदाजाने लिहिलेली नावे वाढली, तर हे चित्रही बिघडते. म्हणून खात्री नसेल तेव्हा जातीऐवजी नुसते ‘लीफ वॉर्बलर’ लिहावे. ‘ई-बर्ड’वर तशी सोय आहे आणि ती नोंदही उपयोगाचीच असते.