मानेवरचे छिद्र आणि गंडमाळेची धास्ती

‘मुलीच्या मानेवर जन्मापासून टाचणीच्या टोकाएवढे छिद्र आहे, सर्दी झाली की त्यातून चिकट पाणी येते,’ असे टॅलातल्या मराठी घरांतून मला, कान-नाक-घशाचा डॉक्टर म्हणून, अधूनमधून सांगितले जाते. गावी फोन केला की आजी एकच शब्द उच्चारते : गंडमाळ! आजीचे अगदीच चूक नाही. क्षयाच्या गाठी आपल्याकडे आजही होतात आणि फुटून वाहतात. पण त्या मागाहून येतात. जन्मतःच असलेले छिद्र ही निराळी गोष्ट.

गर्भ चार-पाच आठवड्यांचा असताना त्याच्या मानेच्या जागी कमानी आणि त्यांच्यामध्ये खाचा असतात. माशांच्या कल्ल्यांशी त्यांचे साम्य राटके या जर्मन शास्त्रज्ञाने १८२५ साली डुकराच्या गर्भात पाहिले. पुढे खाचा बुजतात. एखादी बुजली नाही तर नळी उरते. बहुतेक वेळा ती दुसऱ्या खाचेची असते : मानेच्या तिरप्या स्नायूच्या कडेला, खालच्या बाजूस तिचे तोंड, तिथून वर चढत, मेंदूकडे व चेहऱ्याकडे जाणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या बेचक्यातून ती टॉन्सिलपर्यंत पोचते. नुसते तोंड शिवून भागत नाही ते यामुळेच. सबंध नळी काढावी लागते, नाहीतर ती पुन्हा वाहू लागते.

खरी फसगत तिसऱ्या-चौथ्या खाचेच्या दुर्मिळ नळीत होते. बाहेर छिद्रच नसते. मुलाला मानेच्या, बहुधा डाव्या, बाजूला थायरॉइडपाशी गळू होते. चीर देऊन पू काढतात, बरे वाटते, काही महिन्यांनी पुन्हा तेच. अशा वेळी पालकांनी स्पष्ट विचारावे : ‘घशात दुर्बीण घालून पाहिले का?’ नळीचे तोंड आत, अन्ननलिकेच्या वाटेवर असते. सूज उतरल्यावर बेरियम पाजून एक्स-रे काढला तरी ते दिसू शकते. हे तोंड दुर्बिणीतून डागून बंद केले की पुष्कळदा मान कापावीही लागत नाही.

छिद्रे दोन्ही बाजूंना असतील, कानापुढेही खळगी असेल, किंवा घरात कुणाला लहानपणापासून कमी ऐकू येत असेल, तर मुलाची श्रवणचाचणी आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्यावी. हे तिन्ही दोष एकाच आनुवंशिक विकारात एकत्र येतात.

शस्त्रक्रियेची घाई नसते. मात्र पू झाला असेल तर आधी अँटिबायोटिक, मग काही आठवडे थांबणे. जी.पी.कडे चिठ्ठी मागताना छिद्र जन्मापासूनचे आहे हे आवर्जून सांगा, आणि बाळपणीचा मान दिसणारा एखादा फोटो असला तर बरोबर न्या.