पहिला माणूस कोणत्या जातीचा?

पहिला माणूस कसा जन्मला, याची गोष्ट जगातील बहुतेक समाजांनी रचली. प्राचीन इजिप्तमध्ये ख्नूम हा देव कुंभाराच्या चाकावर माणूस घडवतो. ग्वाटेमालातील किचे माया लोकांच्या 'पोपोल वूह' या ग्रंथात देव आधी मातीचा माणूस करतात, तो विरघळतो. लाकडाचा करतात, त्याला मन नसते. शेवटी मक्याच्या पिठापासून खरा माणूस घडतो. ज्यू व ख्रिस्ती परंपरेत मातीतून आदम होतो.

या गोष्टी म्हणजे विज्ञान नव्हे. माणूस आफ्रिकेत उत्क्रांत झाला. मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथे त्याचे सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. परंतु गोष्ट खरी की खोटी, एवढाच प्रश्न नाही. त्या गोष्टीच्या आधारे कोणाचे हक्क हिरावले गेले, हा खरा प्रश्न आहे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तात आदिपुरुषाचे मुख ब्राह्मण, बाहू राजन्य, मांड्या वैश्य आणि पायांपासून शूद्र. बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ च्या ग्रंथात इजिप्तची व बायबलची सृष्टिकथा शेजारी ठेवून या सूक्ताची चिकित्सा केली. तिथे माणूस कसा झाला एवढेच सांगितले आहे. इथे मात्र समाजातील उच्चनीचताच ईश्वरी ठरवली आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

यावर मनुवादी म्हणतात, उच्चनीचतेच्या कथा इतरत्रही आहेत. आहेतच. चीनच्या एका कथेत नूवा देवीने हातांनी घडवलेली माणसे श्रीमंत झाली आणि चिखलात बुडवलेल्या दोरीने शिंपडलेली गरीब राहिली. प्लेटोने सोने, चांदी, लोखंड मिसळलेल्या माणसांची कथा सांगितली. पण ती रचलेली आहे हे त्याने लपवले नाही, आणि लोखंडाच्या घरी सोन्याचे मूल जन्मले तर त्याला वर घ्यावे, असेही सांगितले. मनूने ही सोय ठेवली नाही.

वकिलाने मनुस्मृतीचा आठवा अध्याय जरूर वाचावा. शूद्राने द्विजाची कठोर शब्दांत निंदा केली तर त्याची जीभ छाटावी, असे तिथे आहे. कारण काय? तर तो खालच्या अंगातून जन्मला! म्हणजे शिक्षेचे कारण पुराव्यात नाही, ते सृष्टिकथेत आहे. वर्णाबाहेर ढकललेल्यांची अवस्था तर याहून भयंकर.

आता ज्यूंचा 'मिश्ना' हा कायदाग्रंथ पाहा. मृत्युदंडाच्या खटल्यात साक्षीदाराला आदमची आठवण दिली जाई. माणूस एकच निर्माण झाला, म्हणून एक जीव घेणे म्हणजे सारे जग नष्ट करणे. आणि माझा बाप तुझ्या बापापेक्षा मोठा, असे कोणी म्हणू नये म्हणूनही तो एकच. एका कथेने जीभ छाटली, दुसरीने जीव वाचवायला सांगितले.

आपल्याकडे या दंभाला उत्तर तथागतांनी दिले. दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात वासेट्ठ व भारद्वाज हे ब्राह्मण तरुण सांगतात की, ब्राह्मण स्वतःला ब्रह्माच्या मुखातून जन्मलेले म्हणवतात. बुद्ध विचारतात : ब्राह्मण स्त्रिया ऋतुमती होतात, गरोदर राहतात, बाळंत होतात, मुलांना दूध पाजतात, हे दिसत नाही काय? पुढे ते सांगतात की शेताच्या वाटण्या झाल्या, चोरी सुरू झाली, म्हणून लोकांनीच एकाला निवडले. तोच महासम्मत. राजा देवाच्या अंगातून आला नाही, लोकांच्या संमतीतून आला.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जळाली. संविधानाच्या कलम १४, १५ व १७ ने जन्माच्या श्रेष्ठत्वाचा कायदेशीर आधार संपवला. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने तर अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणे हाच गुन्हा ठरवला. ज्याची जीभ छाटायची होती, तोच आज फिर्यादी आहे. पण आमचा कायदा कोणाची जीभ छाटत नाही. तो पुरावा मागतो.

म्हणून बांधवांनो, या वर्षावासात प्रत्येक विहारात अग्गञ्ञ सुत्त वाचले जावे. पाठांतरासाठी नव्हे, चर्चेसाठी. पहिला माणूस कोणत्या जातीचा, असे आपल्या मुलांना विचारा. त्यांना उत्तर देता आले पाहिजे.