बिदरीचं भांडं चिंचेने घासू नका

दादी-नानीच्या संदुकीतून कधी कधी एक काळं भांडं निघतं. पानदान, सुराही, नाहीतर हुक्क्याचा खालचा भाग. अंगावर चांदीच्या वेली आणि फुलं. घरात सगळे त्याला 'चांदीचं' म्हणतात. सराफ म्हणतो, यात चांदी कितीशी? मग ते भंगाराच्या भावात जातं. वर्धा नदीपलीकडचा वऱ्हाड आधी बहमनी सुलतानांकडे, पुढे निजामाकडे होता. त्यामुळे आर्वी-पुलगावकडच्या घरातही असं भांडं निघालं तर नवल नाही.

सराफ खोटं बोलत नाही. हे बिदरी काम. नाव बिदर शहरावरून पडलं. भांडं असतं जस्ताचं, त्यात थोडं तांबं. ओतून झालं की त्यावर मोरचुदाचं पाणी लावतात, म्हणजे पृष्ठभाग तात्पुरता काळा होतो आणि कोरलेली रेघ स्पष्ट दिसते. छिन्नीने नक्षी कोरायची, त्या खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा. तारेच्या कामाला तारकशी म्हणतात, पत्र्याच्या कामाला तहनिशान.

खरी करामत शेवटी. बिदरच्या किल्ल्यातली, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेली माती आणि नवसागर पाण्यात कालवून गरम भांड्यावर चोळतात. जस्त कायमचं काळं पडतं, चांदी तशीच लखलखीत राहते. माती चांगली की नाही, हे जुने कारागीर जिभेवर ठेवून ओळखतात!

हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्ये आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये असे हुक्के, पानदान काचेआड ठेवलेत. हुक्क्याचा तळ चेंडूसारखा गोल असेल तर तो बहुधा 17व्या शतकाच्या घडणीचा. घंटेसारखा आकार नंतरचा. ही कला अजून जिवंत आहे. बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 साली पद्मश्री मिळाली.

आता घरचं भांडं. ईदच्या साफसफाईत चिंच, लिंबू, राख किंवा पितांबरीने ते घासलं की काळा थर निघतो आणि खालचं राखाडी जस्त उघडं पडतं. काळा रंगच गेला तर चांदीची नक्षी उठून दिसणार कशी? मऊ सुती कापडावर खोबरेल तेलाचे दोन थेंब घ्या, हलक्या हाताने पुसा, कोरडं करून ठेवा. आणि विकायची वेळ आलीच, तर तराजूवर ठेवण्याआधी जुन्या वस्तूंच्या जाणकाराला एकदा दाखवा.