छायाचित्रावरून कुलचित्र

भारतातील असंख्य घरांत पूर्वजांची एखादी तसबीर भिंतीवर उंच टांगलेली असते आणि तिला चंदनी हार घातलेला असतो. पुष्कळदा त्या व्यक्तीचे तेवढे एकच छायाचित्र कुटुंबापाशी उरलेले असते. ते पिवळे पडू लागले, त्यावर डाग उमटले, म्हणजे घरची मंडळी ते चित्रकाराकडे नेतात व त्यावरून मोठे तैलचित्र करवून घेतात. चित्र भिंतीवर लागले की मूळ छायाचित्र बहुधा अडगळीत जाते. पुढील पिढीस पणजोबांचा चेहरा ठाऊक होतो तो त्या चित्रावरूनच. म्हणून छायाचित्राने चित्रकारास काय सांगितले आणि चित्रकाराने स्वतःच्या पदरचे काय घातले, हा प्रश्न केवळ कलेचा राहत नाही. त्याचे बरेचसे उत्तर रसायनशास्त्रात व प्रकाशशास्त्रात सापडते.

छायाचित्रणाची कला १८३९ साली युरोपात जाहीर झाली आणि अल्पावधीतच हिंदुस्थानात पोहोचली. मुंबईत १८५४ साली, तर कलकत्ता व मद्रास येथे १८५६ साली छायाचित्रणाची मंडळे स्थापन झाली. या नव्या कलेमुळे दरबारी लघुचित्रकारांची वृत्ती बुडेल असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु त्यांपैकी अनेकांनी तिलाच आपलेसे केले. फिक्या छापील प्रतीवर ते अपारदर्शक जलरंगाचा थर देत. अंगरख्यावरील वेलबुट्टी, गळ्यातील मोती, पायाखालचा गालिचा हे सारे कुंचल्याने उभे करीत. कित्येक चित्रांत चेहऱ्याचा थोडा भाग सोडला तर खालचे छायाचित्र दिसतही नाही. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनीही व्यक्तिचित्रांसाठी छायाचित्रांचे साहाय्य घेतले होते. राजस्थानातील नाथद्वारा येथे तर एक निराळीच पद्धत रूढ झाली. श्रीनाथजींच्या दर्शनास आलेली कुटुंबे आपण पूजेस उभे आहोत असे चित्र करवून घेत. त्यात मूर्ती, मंदिर आणि वस्त्रे रंगविलेली असत, परंतु माणसांचे चेहरे छायाचित्रातून कापून चिकटविलेले असत. देवासमोर आपला चेहरा तरी खराखुरा असावा, ही इच्छा त्यामागे स्पष्ट दिसते.

तो चेहरा छायाचित्रात तरी टिकतो काय? काळ्या-पांढऱ्या छायाचित्रातील प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची बनलेली असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक प्रती अंड्यातील पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर छापल्या जात. त्यांतील चांदीचे कण अतिशय बारीक असल्यामुळे हवेतील गंधकयुक्त वायू व ओलावा त्यांवर चटकन परिणाम करतात. प्रत छापल्यावर ‘हायपो’ नावाचे रसायन नीट धुऊन काढले नसेल, तर तेही चांदीशी संयोग पावून पिवळट गंधकित तयार करते. हा दोष इतका जुना आहे की, लंडनच्या छायाचित्रण मंडळाने १८५५ सालीच प्रती फिक्या का पडतात याचा शोध घेण्यासाठी एक समिती नेमली होती. भारतात त्यात पावसाळ्याची भर पडते. ओलाव्याने बुरशी वाढते आणि कसरीसारखे कीटक कागदाचा व थराचा फडशा पाडतात.

फिके पडणे सर्वत्र सारखे नसते. जेथे चांदी मुळातच कमी, तो उजळ भाग प्रथम जातो. कपाळाची गोलाई, पांढरी दाढी, शुभ्र धोतराच्या निऱ्या नाहीशा होतात. डोळे, केस व भुवया मागे राहतात. जुन्या प्रतीतील चेहरा सपाट व डोळे भेदक दिसतात, ते बऱ्याच अंशी यामुळेच. चित्रकाराने ते पूर्वजाच्या स्वभावाचे लक्षण मानून रंगविले, तर ती रसायनाची करामत माणसाच्या माथी मारल्यासारखे होईल. ताठ मान व न हसणारे ओठ यांचेही तसेच आहे. त्या काळी चित्र घेण्यास काही सेकंद लागत. तेवढा वेळ डोके हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावीत.

सर्वांत फसविणारी गोष्ट म्हणजे रंग. १८५१ पासून प्रचारात आलेली कलोडियनची ओली काच निळ्या व जांभळ्या प्रकाशासच संवेदी होती. तांबडा व पिवळा प्रकाश तिला जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे निळी पगडी छायाचित्रात पांढुरकी उमटे, तर हळदी रंगाचा पीतांबर, केशरी फेटा व कपाळावरचे कुंकू ही सारी काळपट दिसत. बर्लिनचे रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांनी १८७३ साली असे दाखवून दिले की, थरात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली असता तो हिरव्या व पिवळ्या प्रकाशासही प्रतिसाद देतो. तांबड्यासह सर्व रंगांची दखल घेणाऱ्या काचा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आल्या आणि त्यानंतरही अनेक वर्षे जुन्या पद्धतीच्या काचा वापरात होत्याच.

याचा परिणाम वस्त्रांपुरता मर्यादित नाही. मानवी त्वचेतून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात तांबड्याचा व पिवळ्याचा अंश मोठा असतो. तेव्हा गव्हाळ कांतीची स्त्री अशा छायाचित्रात सावळी आणि सावळा पुरुष जवळजवळ काळा दिसतो. याच्या उलट, छायाचित्रकाराकडील कारागीर काचेवर शिसपेन्सिल फिरवून चेहरा उजळ करीत आणि पुढे रंग भरणारा त्याला आणखी गोरा करी. गिऱ्हाइकाची हौस तशी असे, हे खरे; परंतु दोन चुका एकमेकींविरुद्ध झाल्या म्हणजे सत्य हाती येते असे नाही. समजा, एखाद्या आजीच्या १८९० च्या सुमाराच्या छायाचित्रात लुगडे काळे दिसते. ते काळे असू शकेल, तांबडे असू शकेल किंवा गडद पिवळेही असू शकेल. यांतील खरे कोणते हे केवळ प्रतीकडे पाहून कोणासही सांगता येणार नाही. संगणकालाही नाही. जुन्या छायाचित्रांत आपोआप रंग भरणाऱ्या आजच्या प्रणाली असंख्य चित्रांवरून संभाव्य रंग सुचवितात; जो रंग काचेवर नोंदलाच गेला नाही, तो त्यांना परत मिळविता येत नाही. त्यापेक्षा ट्रंकेत जपलेला लुगड्याचा काठ किंवा घरातील वृद्धांची आठवण हा अधिक भरवशाचा पुरावा होय.

डाव्या-उजव्याचीही खात्री करून घ्यावी लागते. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरील डागेरोटाइप चित्र आरशातील प्रतिबिंबासारखे उलटे असते. काच उलटी ठेवून प्रत छापली तरी तसेच घडते. भारतात ही चूक क्षुल्लक नव्हे. मोगल काळापासून उत्तर हिंदुस्थानात मुसलमान जाम्याचे बंद उजव्या बाजूस व हिंदू डाव्या बाजूस बांधीत, आणि हा भेद एकोणिसाव्या शतकातील अंगरख्यांतही आढळतो. उलट्या प्रतीवरून रंगविलेल्या चित्रात माणसाचा धर्मच बदलल्यासारखा दिसेल! मराठी स्त्रीची नथ डाव्या नाकपुडीत असते. ती उजवीकडे दिसली तर प्रथम छायाचित्राविषयी शंका घ्यावी. पुरुषी कोटाची डावी बाजू बटणे लावल्यावर वर येते, हीही एक सोपी खूण आहे.

अलीकडची छायाचित्रे या दोषांपासून मुक्त असली तरी त्यांचे दोष निराळे. कॅमेरा ५० सेंटिमीटरवर असेल, तर सुमारे १२ सेंटिमीटर मागे असलेल्या कानांच्या मानाने नाकाचे टोक जवळजवळ २४ टक्के मोठे उमटते. २ मीटर अंतरावरून हाच फरक ६ टक्के राहतो. हात लांब करून मोबाइलवर घेतलेला चेहरा जसाच्या तसा मोठा केला, तर चित्रात नाकच प्रमुख होऊन बसते.

चित्रकार प्रतीवर व कॅनव्हासवर सारख्याच संख्येच्या चौकटी आखून आकृती मोठी करतो. तैलरंगातील जवसाचे तेल वाळते म्हणजे त्यातील पाणी उडून जाते असे नव्हे. ते हवेतील प्राणवायू शोषून चिवट पापुद्रा बनते. त्यात अडकलेले गेरू व पिवळी माती यांसारखे लोहयुक्त रंग शतकानुशतके टिकतात. लाखेपासून किंवा मंजिष्ठेपासून केलेले तांबडे रंग मात्र उजेडाने फिके पडतात. रंगविलेल्या जुन्या छायाचित्रांत मोत्यांवर काळे ठिपके दिसतात, ते बहुधा शिशाच्या सफेद्याचे असतात. हवेतील गंधकाने तो काळवंडतो.

कधी कधी चित्रकारास याहून नाजूक काम सांगितले जाते. नातवाच्या जन्मापूर्वीच वारलेल्या आजोबांना त्याच्याशेजारी बसवावयाचे असते, किंवा वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या छायाचित्रांतील चार भावांना एकत्र आणावयाचे असते. यात गैर काही नाही. नाथद्वाऱ्याच्या चित्रकारांनीही साधारण हेच केले. मात्र पन्नास वर्षांनी ते चित्र पाहणारा त्यास घडलेला प्रसंग समजेल, हे ध्यानात घेतले पाहिजे. कोणता चेहरा कोणत्या छायाचित्रावरून घेतला, कोणता रंग कोणाच्या सांगण्यावरून दिला आणि कोणता अंदाजाने, याची नोंद चित्राबरोबरच राहावी. ती कॅनव्हासच्या पाठीवर शाईने करू नये, कारण शाई झिरपून पुढच्या बाजूस उमटू शकते. मागील लाकडी चौकटीवर मऊ पेन्सिलीने लिहावे. मूळ छायाचित्राची संगणकीय प्रत काढून ते आम्लरहित कागदात गुंडाळावे आणि कोरड्या, अंधाऱ्या जागी आडवे ठेवावे. त्याच्या पाठीवर जुन्या हस्ताक्षरात एखादे नाव असल्यास त्या बाजूचीही प्रत घ्यावी.