मानवतची मालिका संपली, गप्पा कुठं संपल्यात?

मैत्रिणींनो, आपलं आणि मालिकांचं नातं तसं फार जुनं. रात्रीच्या जेवणाची वेळसुद्धा मालिकेवर ठरायची. जाहिराती लागल्या की कुकर लावायचा, कणीक मळायची, आणि पुढं काय होणार यावर दुसऱ्या दिवशी ओट्यावर चर्चा! मोबाईलवरच्या वेब सिरीजनं हे सगळं वेळापत्रकच मोडून टाकलं. आता सगळे भाग एकदमच हजर. लेकानं नाहीतर सुनेनं लावून दिलं की झालं. कानात इअरफोन घालून मध्यरात्रीपर्यंत बघत बसणाऱ्या साठीच्या आजीबाईही माझ्या ओळखीच्या आहेत.

मी सेलूची. महिला बचत गटांच्या कामानिमित्त आसपासच्या गावांत जाणं असतं. हप्ते गोळा होईपर्यंत बायकांच्या ज्या गप्पा चालतात, त्यात हल्ली या मालिकांना मोठी जागा आहे. २०२० साली सुरू झालेली 'पंचायत' तर सगळ्यांची लाडकी. त्यातली मंजूदेवी निवडून आलेली प्रधान, पण कारभार नवराच बघतो. यावर आमच्या गटातल्या एक माजी सरपंचबाई म्हणाल्या, "तुम्ही हसता बाई, पण माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली. सही माझी अन् खुर्ची त्यांची!" सगळ्या हसल्या, पण त्या हसण्यात बरंच काही होतं. २०११ पासून आपल्या राज्यात गावच्या कारभारात बायकांना निम्म्या जागा राखीव आहेत. पण राखीव खुर्चीवर प्रत्यक्ष बसायला मिळणं ही गोष्ट वेगळीच!

या सगळ्या मालिकांत आमच्याकडं सगळ्यात जास्त बोललं गेलं ते मात्र एकाच मालिकेबद्दल. ती म्हणजे 'मानवत मर्डर्स'. ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी लिव्हवर ही आठ भागांची मराठी मालिका आली. दिग्दर्शक आशिष बेंडे. आशुतोष गोवारीकर, मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर अशी मोठी नावं. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांसाठी ती एक थरारक गुन्हेकथा असेल. पण आमच्यासाठी मानवत म्हणजे सेलूहून परभणीला जाताना लागणारं मानवत रोड स्टेशन, कापसाचा बाजार, कुणाचं माहेर, तर कुणाच्या नणंदेचं सासर. आपल्या शेजारच्या गावाचं नाव असं रक्ताळलेल्या अक्षरात पडद्यावर बघताना काय वाटतं, ते बाहेरच्याला नाही कळायचं.

काय घडलं होतं?

ज्या तरुण मुलींना माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९७२ चं साल म्हणजे महाराष्ट्रातला तो भयंकर दुष्काळ. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून १९७४ च्या जानेवारीपर्यंत मानवतमध्ये दहा खून झाले. मेलेल्यांत एकही पुरुष नाही. दहा वर्षांच्या आसपासच्या पाच मुली, दीड वर्षाचं एक लेकरू आणि तिशी ओलांडलेल्या चार बायका. गुप्तधन मिळावं आणि मूल व्हावं म्हणून हे बळी दिले गेले, असं सरकार पक्षाचं म्हणणं होतं. तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी हे पोलीस अधिकारी आले. १९६८ मध्ये मुंबईतल्या रामन राघवचा छडा लावणारे ते हेच. त्यांच्या 'फुटप्रिंट्स ऑन द सँड ऑफ क्राइम' या पुस्तकावर मालिका बेतलेली आहे.

खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७७ मध्ये निकाल लागला. खालच्या कोर्टानं दोषी धरलेल्या काहींना वरच्या कोर्टात सोडून दिलं गेलं, काहींची शिक्षा कायम राहिली. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दावर किती विसंबायचं, त्याला दुसऱ्या पुराव्याचा आधार किती हवा, हे सांगताना आजही वकील मंडळी या निकालाचा दाखला देतात. मालिका बघताना हे लक्षात ठेवायला हवं. पडद्यावर दिसतं ते सगळंच कोर्टात सिद्ध झालेलं असतं असं नाही.

या प्रकरणावर चित्रपटही पूर्वीच येऊन गेला होता. १९८१ चा 'आक्रीत'. अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट, आणि पटकथा विजय तेंडुलकरांची. तेव्हा तो आपल्यापैकी किती जणींपर्यंत पोचला असेल? मालिका मात्र मोबाईलमधून थेट माजघरात आली.

जितकी तोंडं तितकी मतं

मी वेगवेगळ्या बैठकांत मुद्दाम विषय काढला, आणि बाई गं, काय एकेकीची मतं!

अभिनयाचं कौतुक बहुतेकींनी केलं. मकरंद अनासपुरे आपल्या मराठवाड्याचा माणूस. हसवणारा, आणि २०१५ पासून नाना पाटेकरांबरोबर 'नाम' फाउंडेशनमधून शेतकऱ्यांच्या घरी जाणारा. त्यांना अशा भूमिकेत बघून एक वहिनी म्हणाल्या, "पहिले दोन भाग मी वाट बघत होते, आता हसवतील, मग हसवतील!" भाषेवरून मात्र जुंपली. एकीला बोली अगदी आपल्या घरातली वाटली, दुसरी म्हणे, "आपण काय एवढं ठासून बोलतो का?"

मानवतचं माहेर असलेली एक मैत्रीण रागावलेली होती. "पन्नास वर्षं होऊन गेली. आमच्या गावात शाळा आहेत, बाजार आहे, चांगली माणसं आहेत. पण मुलीला बघायला आलेले पाहुणे पहिला प्रश्न काय विचारतात? तुमचं तेच का ते खुनाचं मानवत?" तिचं म्हणणं मला पटलं. गावाच्या नावाला डाग लागला की तो लेकीबाळींच्या पदरापर्यंत येतो.

एका शाळेतल्या बाईंचा आक्षेप वेगळा. मालिकेला वयाची अट लिहिलेली असते, पण घरात मोबाईल एकच. आईनं बघून ठेवला की पोरं तिथूनच पुढं बघतात. "चौथीतली मुलगी मला विचारते, बाई, बळी खरंच देतात का?" प्रश्न ऐकून आम्ही सगळ्याच गप्प झालो.

आमच्या गटात पारधी समाजातली एक ताई आहे. ती फारसं बोलत नाही. पण त्या दिवशी म्हणाली, "कुठं चोरी झाली की पहिली गाडी आमच्याच वस्तीवर येती. आता लोक म्हनतील, बघा, टीव्हीत बी दाखवलंय." मानवतच्या आरोपींमध्ये पारधी समाजातली माणसं होती, हे खरं. पण गावातली वजनदार माणसंही होतीच की! त्यांच्या जातीकडं कुणी बोट दाखवलं नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला गेला. नजरेतून पुसला गेला का, ते या ताईला विचारा.

आणि सत्तरीच्या एक मावशी. त्यांनी मालिका बघितलीच नाही. "मला कशाला दाखवता? मी जगलेय ते. तव्हा मी शाळेत जायाची. मायनं शाळा बंद केली. सरपनाला नाही, पाण्याला नाही, परसाकडं जायाचं तरी चौघी मिळून. दुष्काळात पोट उपाशी अन् वरून ही भीती. पुन्हा शाळेत गेलेच नाही मी." मालिकेत असलेल्या-नसलेल्या कितीतरी गोष्टी मावशींच्या या चार वाक्यांत होत्या. मेलेल्यांचा आकडा दहाच. पण त्या भीतीनं किती पोरींची शाळा सुटली, किती जणींची घाईघाईनं लग्नं लागली असतील, त्याची मोजदाद कुणी ठेवायची?

मालिका तपास अधिकाऱ्याच्या नजरेतून पुढं जाते. २०१९ च्या 'दिल्ली क्राइम'चंही तसंच होतं. शेफाली शाहनं केलेली ती पोलीस अधिकारी आपल्याला आवडली, त्या मालिकेला २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कारही मिळाला. गुन्हेगार कसा सापडतो हे बघण्यात आपण रंगून जातो. शेवटी अधिकारी लक्षात राहतो, आरोपीही लक्षात राहतात. पण त्या पाच पोरी? कुणाला कोणतं गाणं यायचं, कुणाच्या वेणीला कोणती रिबीन होती? बैठकीत मी विचारलं, "त्यातल्या एका तरी मुलीचं नाव सांगा." एकीलाही सांगता आलं नाही.

ती हळूच म्हणाली...

एवढ्या मतांमध्ये एका मुलीचं बोलणं माझ्या मनातून जात नाही. तिचं नाव-गाव सांगत नाही. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही. बैठक संपली, बायका चपला शोधत होत्या, तेव्हा ती जवळ आली. "काकू, ती मालिकेतली बाई मुलासाठी जिथं-तिथं जाते ना, तशी मीपण जाते. सासूबाई दर अमावास्येला एकाकडं नेतात. अंगारा देतो, उपास सांगतो. पुढच्या वेळी तो म्हणालाय, हिला एकटीला पाठवा."

अंगावर सर्रकन काटा आला. मी विचारलं, "नवऱ्याची तपासणी केली?" ती म्हणाली, "त्यांची कामून करायची?"

मैत्रिणींनो, १९७२ आणि आज यांच्यामध्ये पन्नासपेक्षा जास्त वर्षं आहेत. पण 'त्यांची कामून करायची' या तीन शब्दांनी ती वर्षं एका क्षणात पुसून टाकली. मूल झालं नाही की दोष बाईचा, उपास बाईला, टोमणे बाईला, आणि बाबाकडंही बाईच! जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं की जगात साधारण सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी मूल होण्यात अडचण येते. माणसांमागे म्हटलंय, बायकांमागे नाही. कारण पुरुषात असू शकतं, बाईत असू शकतं, दोघांतही असू शकतं. पुरुषाची पहिली तपासणी तर अगदी साधी, सुईसुद्धा टोचावी लागत नाही. बाईच्या तपासण्या त्या मानानं त्रासाच्या आणि खर्चाच्या. तरी सुरुवात कुणापासून होते, ते आपल्याला माहीतच आहे.

आणि कायदा? तोही आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, तो त्यांच्या मृत्यूनंतर चारच दिवसांत वटहुकूम म्हणून आला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळात मंजूर झाला. आपण त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो. देवपूजा, वारी, उपासतापास याला त्यात हात लावलेला नाही. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं, भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, अंगात शक्ती आहे असं भासवून मूल नसलेल्या बाईचा गैरफायदा घेणं, हे सगळे गुन्हे आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजारांपर्यंत दंड. यासाठी निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा पोलीस दक्षता अधिकारी असतो. ही माहिती बैठकीत सांगितली तेव्हा पंधरा जणींपैकी दोघींनाच ती आधी ठाऊक होती. मालिका मात्र अकराजणींनी बघितलेली!

मग बघायची की नाही?

मला नेहमी विचारतात, "ताई, असल्या मालिका बघाव्यात का?" मी म्हणते, बघा. पण एकट्यानं पांघरुणात तोंड घालून बघू नका. लेकरांपासून दूर, मैत्रिणींबरोबर बघा आणि बघून झाल्यावर बोला. थरार वाटून घेण्यापुरतीच ती मालिका राहिली, तर त्या दहा जणींचं मरण आपण फुकटची करमणूक म्हणून वापरलं असं होईल. घरातल्या सासूबाईंनाही बोलण्यात घ्या. त्यांच्या मनात वाईट नसतं हो, त्यांनाही त्यांच्या काळात असंच कुणीतरी नेलेलं असतं.

आमच्या गटानं एक साधी गोष्ट ठरवली आहे. कुणालाही बाबाकडं नेणार असल्याचं कानावर आलं, की गटातल्या दोघींनी त्या घरी चहाला जायचं. भांडायला नाही, चहालाच. आणि सांगायचं की आधी नवरा-बायको दोघांनी सरकारी दवाखान्यात जाऊन या, आम्ही सोबत येतो. एकटीला बोलावणं आलं, तर मात्र चहाबिहा नाही, सरळ पोलीस. ११२ हा नंबर आणि महिलांसाठीचा १८१ प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये टाकून दिलाय.

त्या मुलीच्या घरी पहिला चहा झाला. सासूबाई आधी घुश्श्यात होत्या. आम्ही दोघी तासभर बसलो. निघताना त्यांनी एकच विचारलं, "दवाखान्यात पोराला बी न्यावं लागंल का?"

आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "पहिल्यांदा त्यालाच!"

ती अमावास्या घरीच गेली. दवाखान्याची तारीखही ठरली आहे.