किनाऱ्यावरची तीस वर्षं

बडोद्यातल्या आमच्या वाडीला समुद्र नाही. विश्वामित्रीला पूर आला की पाणी बघायला मिळतं तेवढंच, आणि त्यातही मगरी. तरी आमच्या पोळीत, म्हणजे गल्लीत, एक काका नौदलातून निवृत्त होऊन आले होते. त्यांची काळी पत्र्याची ट्रंक जिन्याखाली असायची. वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर, आत काकूंच्या गोदड्या. एकदा दुपारी ओटल्यावर तांदूळ निवडताना काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही रजेवर आलात की माझं तांदळाचं माप चुकायचं. घरात एक माणूस वाढलंय हे दोन दिवस लक्षातच यायचं नाही." काकांना ऐकू आलं होतं. त्यांनी पेपराचं पान उलटलं.

समुद्र नाही म्हटलं ते वाडीपुरतं. बडोदा संस्थानाला तो चांगला लांबरुंद होता. बिलिमोऱ्याला गायकवाडांचं आरमार असे, आणि ओखामंडळ, म्हणजे द्वारकेसकट सगळा तो कोपरा, बडोद्याच्या अमलाखाली होता. त्याच द्वारकेवर सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानी नौदलाने रात्री तोफा डागल्या, आणि १९७१ साली कराचीवर गेलेल्या क्षेपणास्त्र नौकांच्या मोहिमेत ओखा बंदर कामी आलं. सुरतेत जन्मलेले व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी फलटणजवळ विंचुर्णीला जाऊन राहिले आणि तिथे बसून त्यांनी शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणेचा ध्यास घेतला, ही गोष्ट आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. मला मात्र त्यांच्याच बरोबरीने १९७१ च्या पूर्वेकडच्या समुद्रात लढलेल्या दुसऱ्या एका अधिकाऱ्याबद्दल लिहायचं आहे. मार्च २०२४ मध्ये ते गेल्याची बातमी वाचली तेव्हा काकूंचं तांदळाचं माप आठवलं, म्हणून.

ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास. जन्म ५ सप्टेंबर १९३३, मुंबईत माटुंग्याला. घर तमिळ, शिक्षण दिल्लीत, आणि नोकरीनंतरचा मुक्काम अलिबाग तालुक्यात. सोळाव्या वर्षी डेहराडूनच्या क्लेमेंट टाउनला सैन्याच्या संयुक्त प्रबोधिनीत दाखल झाले. तेव्हा खडकवासल्याची एनडीए अजून उभी राहायची होती. १ सप्टेंबर १९५३ ला कमिशन मिळालं. पुढे त्यांनी संदेशवहनात विशेष प्रावीण्य मिळवलं.

हे संदेशवहन म्हणजे काय, ते काकांनी मला एकदा पाटीवर काढून दाखवलं होतं. जहाजं एकमेकांशी दिव्याच्या उघडझापीने बोलतात, तशीच निशाणांनीही बोलतात. प्रत्येक निशाण एक अक्षर, आणि एकटं फडकवलं तर त्याचा स्वतःचा असा निरोप. लाल-पांढऱ्या चार चौकोनांचं 'यू'चं निशाण घ्या. त्याचा अर्थ, तुम्ही धोक्याच्या दिशेने चालला आहात. समोरचा कुठल्या देशाचा, कुठली भाषा बोलतो, याने फरक पडत नाही. निशाण दिसलं की सुकाणू फिरवायचं.

१९६१ साली रामदासांचं लग्न झालं. मुलगी कोण, तर नौदलप्रमुख रामदास कटारींची ललिता. स्वातंत्र्यानंतरही अकरा वर्षं आपल्या नौदलाचे प्रमुख इंग्रजच होते. एप्रिल १९५८ मध्ये कटारी त्या खुर्चीवर बसले तेव्हा कुठे पहिला भारतीय प्रमुख मिळाला. तेव्हा तरुण अधिकाऱ्याच्या या लग्नाबद्दल वॉर्डरूममध्ये कुजबुज झाली नसेल असं मी तरी मानत नाही. पण त्यातली दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. ललिताबाई नौदलाच्या घरातच वाढलेल्या. वडील समुद्रावर आहेत म्हणजे काय, हे त्यांना लग्नाच्या आधीपासून माहीत होतं.

पुढचं बाहेरून बघता सरळ आहे. कोचीला नौदल प्रबोधिनीची उभारणी केली. १९७१ मध्ये ते 'आयएनएस बियास' या फ्रिगेटचे कप्तान होते, आणि पूर्व पाकिस्तानची समुद्रातून नाकेबंदी करणाऱ्या ताफ्यातल्या कामगिरीसाठी त्यांना वीरचक्र मिळालं. १९७३ ते ७६ बॉनच्या वकिलातीत नौदल प्रतिनिधी, मग पूर्वेचा ताफा, दक्षिण आणि पूर्व विभागांची प्रमुखपदं. १ डिसेंबर १९९० ला ते नौदलप्रमुख झाले. सासऱ्यांची खुर्ची जवळपास तीस वर्षांनी जावयाकडे आली, पण मधे एवढी वर्षं गेल्यावर वशिल्याचं बोलायला कोणाला जागा उरली नसावी. त्यांच्याच कारकिर्दीत, १९९२ साली, नौदलाने वैद्यकीय शाखेबाहेर स्त्रियांना अधिकारी म्हणून घेतलं. शिक्षण, पुरवठा आणि कायदा, अशा तीन शाखांत. जहाजावर नाही, ते फार पुढे आलं. तिन्ही मुलीच असलेल्या घरातल्या प्रमुखाच्या काळात हे घडावं, याला मी योगायोग म्हणणार नाही.

या काळात ललिताबाई काय करत होत्या? प्रमुखाच्या बायकोने करायचं ते करतच असणार, फिती कापणं वगैरे. पण दिल्लीत १९८४ च्या शीख हत्याकांडानंतर मदतकार्यात उतरणाऱ्या नागरिकांत त्या होत्या. प्रौढशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या, आणि पुढे ग्रीनपीसच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्याही.

३० सप्टेंबर १९९३ ला रामदास निवृत्त झाले. चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर असा माणूस एखाद्या कंपनीच्या संचालक मंडळावर जातो, नाहीतर गोल्फ खेळतो. हे दोघं गेले अलिबागजवळच्या भायमळा गावी. वीरचक्राबद्दल मिळालेल्या जमिनीवर शेती सुरू केली. पत्त्यात शेताचं नाव असे 'लारा-रामू फार्म'. रामू म्हणजे ॲडमिरल. जवळची माणसं त्यांना त्याच नावाने हाक मारत. भाताच्या खाचरांच्या त्या तालुक्यात ॲडमिरलचा हुद्दा आणि रामू हे नाव एकाच अंगावर कसं बसत असेल, याची मला फार गंमत वाटते.

आणि मग तीसहून अधिक वर्षं ज्याच्या बदलीमागून बायकोने बिऱ्हाड हलवलं, तो नवरा तिच्या वाटेने चालू लागला. हे माझं वाचन आहे, चुकीचं असू शकेल. पण विशेष आर्थिक क्षेत्राला (सेझला) जमीन द्यायला नकार देणारे रायगडातले शेतकरी, जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाला विरोध करणारी माणसं, भारत-पाकिस्तानच्या सामान्य नागरिकांना एकत्र आणणारा मंच, अशा कामांत ही जोडी एकत्र दिसते. घरातही हा दुवा होता: मोठ्या मुलीचा नवरा पाकिस्तानी वंशाचा. अण्वस्त्रं नकोत, असं माजी नौदलप्रमुखाने जाहीर म्हणायचं म्हणजे जुन्या सहकाऱ्यांचा रोष ओढवून घ्यायचा. तो त्यांनी घेतला. २००४ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला तो पाकिस्तानच्या आय. ए. रेहमान यांच्यासोबत विभागून. आम आदमी पक्षाचे अंतर्गत लोकपालही ते होते. २०१५ मध्ये तिथून त्यांना काढण्यात आलं. त्यांची सगळीच मतं मला पटतात असं नाही. अणुऊर्जेच्या बाबतीत तर नाहीच. मात्र पंतप्रधान-राष्ट्रपतींना ते जी जाहीर पत्रं लिहीत, त्यात मला तो जुना संदेशवहनवाला अधिकारी दिसतो. लाल-पांढऱ्या चौकोनांचं निशाण वर चढवायचं; सुकाणू फिरवणं समोरच्याच्या हातात.

शेवटची वर्षं तेलंगणात गेली. १५ मार्च २०२४ ला हैदराबादेत, नव्वदाव्या वर्षी, ते गेले. लग्नाला बासष्टहून अधिक वर्षं झाली होती. त्यातली किती समुद्राने घेतली याचा हिशोब ललिताबाईंनी ठेवला होता की नाही, कोण जाणे.

आमचे काका त्याआधीच गेले. ट्रंक अजून जिन्याखालीच आहे. गेल्या दिवाळीत काकूंनी ती पुसून घेतली आणि नंबरावरून पुन्हा पांढरा रंग ओढायला मला ब्रश आणायला पाठवलं.